घरातल्या संगणकाची इंजिनरूम कशी झाली

अंजनवेल, ता. गुहागर
२७ मार्च

तीर्थस्वरूप महिपतदादा यांस,

लवूचा दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडे आम्ही सगळी ठीक आहोत. (सगळी म्हणजे दोघं. ठीक म्हणजे किती, ते पुढचं वाचून तुम्ही ठरवा.) तुमचा खोकला गेला का? वहिनींनी सांगितलेला अडुळशाचा काढा तुम्ही बेसिनमध्ये ओतता असं कानावर आलं आहे. तसं करू नका, प्यायचा नसेल तर कुंडीत ओता, डाग पडत नाहीत. यमुनेच्या पायाचं प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी काठी घेऊन चालायला सांगितलंय. ती काठी घेते आणि काठीने मला वस्तू दाखवते, की ते उचला, हे सरकवा. चालते मात्र काठीशिवाय.

पत्र लिहायचं कारण असं की रत्नागिरीत आपल्या नातेवाइकांत एक बातमी फिरते आहे. नातीच्या जन्माच्या दिवशी लवूने घरचा संगणक बिघडवून ठेवला होता, अशी ती बातमी. दादा, तुम्ही तंत्रनिकेतनच्या संगणक विभागात उभी हयात काढलीत, म्हणून तुम्हालाच सांगतो. संगणक बिघडलेला नव्हता. त्या दिवशी तो जितका उत्तम चालत होता, तितका त्यापूर्वी कधी चालला नव्हता आणि नंतरही चाललेला नाही. काय घडलं ते क्रमाने लिहितो.

योगिनीने सासरी जाताना ठेवलेला जुना लॅपटॉप दिवसेंदिवस मंद होत चालला होता. सकाळी बटण दाबून मी आंघोळीला जायचो, परत यायचो, तरी तो आपला गोल फिरवत बसलेला असायचा. तुम्ही दिवाळीला आलात तेव्हा त्यावर लिनक्स बसवून दिलंत आणि तो तरुण झाला. जाताना ओटीवर उभे राहून तुम्ही एक वाक्य बोललात, "लवू, हे आपल्या मनासारखं करून घेता येतं." दादा, दोष देत नाही. पण अठ्ठावीस वर्षं जहाजावर इंजिन फिटर म्हणून काम केलेल्या माणसाला असं वाक्य बोलायचं नसतं. जहाजावर एक वॉल्व्हसुद्धा माझ्या मनासारखा नव्हता. चीफ इंजिनिअर सांगेल तिथे तो बसायचा, आणि सहा महिन्यांनी नवा चीफ आला की दुसरीकडे बसायचा. आयुष्यात पहिल्यांदा एक यंत्र हातात आलं ज्याला मनासारखं करायची मला पूर्ण मुभा होती.

सुरुवात पडद्याच्या रंगापासून केली. डोंगर-फुलांचं चित्र काढून काळा रंग लावला. मग अक्षरं हिरवी केली, कारण आमच्या कंट्रोल रूममधली तशीच होती. मग खालची पट्टी डाव्या बाजूला उभी केली. चार दिवसांनी ती उजवीकडे नेली. मग वर. मग असं वाचनात आलं की जाणती माणसं पट्टी ठेवतच नाहीत, सगळं कळफलकावरून करतात, म्हणून ती लपवली. माउसचं टोक कोपऱ्यात नेलं तरच ती डोकं बाहेर काढायची, तेही अर्धा सेकंद. एका पडद्याचे चार पडदे करता येतात हे कळल्यावर मी ते केले आणि त्यांना नावं दिली: इंजिनरूम, ब्रिज, डेक आणि भटारखाना. (भटारखान्यात यमुनेच्या पाककृतींचे व्हिडिओ ठेवले. ते पाहून ती उठून स्वयंपाकघरात गेली. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.) सगळ्यात शेवटी उजव्या बाजूला तापमापक बसवले. आतल्या यंत्राचं तापमान किती, पंखा किती फिरतो, स्मरणशक्ती किती भरली, सगळं गोल तबकड्यांवर, काटा हलतो. त्यासाठी एक फाइल हाताने लिहावी लागते, आणि तिच्या नावाआधी टिंब असल्यामुळे ती कुठे दिसत नाही. अशा न दिसणाऱ्या फायली मी एकूण तीस-पस्तीस लिहिल्या. यमुना म्हणायची, "अहो, दिवसभर काय करता त्यात?" आणि दाखवायला खरंच काही नसायचं.

आता भोंग्याचं. निरोप आला, पत्र आलं, कुणाचा फोन आला, की लॅपटॉप बारीक टिंग करायचा. इंजिनरूमला ते शोभेना. मी आमच्या जहाजावरच्या धोक्याच्या घंटेसारखा आवाज शोधून काढला आणि तो लावला. पहिल्याच दुपारी बँकेची जाहिरात आली, घंटा वाजली, मांजर फळीवरून पिठाच्या डब्यात पडलं आणि शेजारच्या गंगुबाई कुंपणापलीकडून ओरडल्या की सिलेंडर बंद करा. यमुना म्हणाली, "तो भोंगा बंद करा. आत्ताच्या आत्ता." दादा, हे वाक्य लक्षात घ्या. बंद करा, असं ती म्हणाली. आवाज बदला म्हणाली असती तर पुढचं रामायण घडलं नसतं. मी शोधलं तर एक सोपं बटण सापडलं, 'व्यत्यय नको' असं लिहिलेलं. ते दाबलं. जोडीला आवाजही पूर्ण शून्यावर आणला. घरात शांतता झाली. तुमची बहीण समाधानी, मी समाधानी.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, जानेवारीच्या सुरुवातीला, ती विहिरीकडच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवरून घसरली. पाय मोडला आणि हातातला फोनही मोडला. पाय चिपळूणला प्लास्टरमध्ये गेला, फोन चिपळूणलाच दुरुस्तीला गेला. (पाय बरा झाला. फोन परत आला, पण त्यात आता फक्त वेळ दिसते, तीही चुकीची.) मोबाइलला आमच्या वाडीत रेंज नाही, हे तुम्ही दिवाळीत अनुभवलंत. माझा बटणांचा फोन दीपगृहाच्या वाटेवर, बाबूच्या दुकानाशी गेलं तरच बोलतो. म्हणजे योगिनीशी बोलायचं एकच साधन उरलं, वायरच्या इंटरनेटवर चालणारा हा लॅपटॉप. ती तिकडे कोचीला, आठवा महिना, डॉक्टरांनी प्रवासाला बंदी केलेली. पहिलं बाळंतपण, म्हणून यमुना तिकडे जाणार होती. बॅग अर्धी भरली होती. ती बॅग खाटेखाली गेली आणि यमुना खाटेवर. रोज संध्याकाळी सहाला योगिनीशी बोलायचं ठरलं होतं. त्या वेळी मी बसवलेल्या कळा दाबून डेकवर जायचो, खिडकी उघडायचो आणि यमुनेसमोर लॅपटॉप धरायचो. संध्याकाळी सहाला सगळं सुरळीत चालायचं. बाळ संध्याकाळी सहाला येईल अशी आम्हा दोघांचीही काही कारण नसताना समजूत झालेली होती.

अकरा फेब्रुवारीला सकाळी दहाच्या सुमारास मी ओटीवर लॅपटॉपसमोर बसलो होतो. तारखेला अजून दोन आठवडे होते. माझं लक्ष तापमानाच्या काट्याकडे गेलं. रोज अठ्ठेचाळीसवर असणारा काटा एकसष्टवर गेला, थोड्या वेळाने खाली आला, परत वर गेला. दादा, खोटं सांगत नाही, मला आनंद झाला. कारण इतके दिवस तो काटा हलला नव्हता आणि मी तो नीट जोडलाय की नाही याची शंका होती. मी आत ओरडून यमुनेला सांगितलं, "काटा चालतो गो!" ती म्हणाली, "चालू दे." मी वही घेतली आणि दर पाच मिनिटांनी आकडा टिपू लागलो. अकरा वेळा काटा वर गेला. ती वही अजून आहे.

साडेअकराला गंगुबाई साखरेची वाटी घेऊन दारातून थेट माजघरात गेल्या आणि यमुनेच्या तोंडात साखर घालून म्हणाल्या, "कोणावर गेली गो? मुली आजीवरच जातात."

यमुनेने विचारलं, "कोण?"

मग गंगुबाईंच्या लक्षात आलं. जावईबापूंनी, म्हणजे शुभंकररावांनी, रुग्णालयातून लॅपटॉपवर अकरा वेळा फोन लावला होता. कुणी उचलेना म्हणून घाबरून त्यांनी बाबूच्या दुकानात फोन केला, की सासूबाई ठीक आहेत ना, आणि त्यांना सांगा, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. बाबू गिऱ्हाईक सोडून निघाला, पण वाटेत त्याला जो भेटला त्याला सांगत आला. वाडीतल्या सतरा घरांना समजलं. अठरावं आमचं. आणि आमच्या ओटीवर मी, प्रत्येक मुक्या फोनागणिक यंत्र तापतंय हे न कळता, वहीत एकसष्ट, एकोणसाठ, एकसष्ट असे आकडे लिहीत होतो.

मी धावत लॅपटॉप आत नेला. आता या ठिकाणी माझी चूक झाली हे मी मान्य करतो. घाईत तीन कळा एकदम दाबल्या जात नाहीत. डेकवर जायचं तर भटारखान्यात गेलो. समोर फणसाच्या भाजीचा व्हिडिओ. परत दाबलं तर इंजिनरूम. पट्टीसाठी माउस कोपऱ्यात नेला तर पट्टी अर्धा सेकंद आली आणि गेली. माउसचं टोक मी बारीक अधिकचिन्हासारखं करून ठेवलं होतं, ते काळ्यावर दिसेना. गंगुबाई मागून सांगत होत्या, "बंद करून चालू करा." बाबू दारात उभा राहून घाम पुसत सांगत होता की शुभंकरराव फोनवर फार छान बोलतात. यमुना भिंत धरून एका पायावर उभी राहिली होती आणि माझ्या बोटांकडे बघत होती. जहाजावर मी एकदा आग पाहिली आहे, पण तेव्हासुद्धा मला इतकी घाई झाली नव्हती आणि इतकं काही सुचेनासं झालं नव्हतं.

पाऊण तासाने फोन लागला. तोवर योगिनीला झोपेचं इंजेक्शन दिलं होतं. बाळाला तपासायला नेलं होतं. शुभंकररावांनी आम्हाला रिकामा पाळणा दाखवला, एका परिचारिकेची पाठ दाखवली आणि खिडकीतून दिसणारी नारळाची झाडं दाखवली. यमुना त्या पाळण्याकडे बघत म्हणाली, "चादर चांगली आहे." एवढंच. मग ती खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. बाळाचं तोंड आम्ही संध्याकाळी पाहिलं. छान आहे. गोरी नाही, सावळी आहे, जांभई फार मोठी देते. सानवी नाव ठेवलंय.

चार दिवस तुमची बहीण माझ्याशी लागेल तेवढंच बोलली. चहा. पाणी. उशी. मी रागावलेल्या माणसांना ओळखतो, चीफ इंजिनिअर रागावला की पाना फेकायचा, मग विषय संपायचा. इथे पाना येईना. पाचव्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "अहो, ते यंत्र इकडे आणा. आणि पासवर्ड सांगा." मी सांगितला. दादा, त्या क्षणी मी तिला किल्ल्यांचा जुडगाच दिला, हे मला नंतर कळलं. तीस वर्षं पोस्टाची शाखा सांभाळलेली बाई ती. नियम, नमुने, शिक्के, कुणाला काय उघडायची परवानगी आहे, हे तिला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त समजतं. तिने शंभर पानी वही घेतली, भिंग घेतलं आणि आठ दिवस पाय उशीवर ठेवून ती शिकली. मला एकही प्रश्न विचारला नाही. एकदाच विचारला, "ही टिंबवाली फाइल तुमची का?" मी हो म्हटलं. तिने वहीत काहीतरी लिहिलं.

नवव्या दिवशी लॅपटॉप सुरू केला तर दोन नावं आली. वर 'यमुना पालशेतकर', खाली 'लवू'. (माझं आडनाव तिने लिहिलं नाही. जागा होती.) माझ्या नावावर टिचकी मारली तर माझी इंजिनरूम जशीच्या तशी होती. काळा पडदा, तबकड्या, चारही खोल्या. तिने काहीच पुसलं नव्हतं. पण नवीन काही बसवायला गेलो की पासवर्ड मागायचा, आणि माझा टाकला की सांगायचा, तुम्हाला अधिकार नाही. म्हणजे ती आता व्यवस्थापक आणि मी साधा वापरकर्ता. हे पत्र हाताने का लिहितोय, ते आता लक्षात आलं असेल. छपाईयंत्रसुद्धा व्यवस्थापकाच्या परवानगीने चालतं.

तिचा डेस्कटॉप तिने मला एकदा दाखवला. पिवळसर रंग, आपल्या जुन्या पोस्टकार्डासारखा. अक्षरं अंगठ्याच्या नखाएवढी. पट्टी खाली, जाड, कायम दिसणारी. पडद्यावर चारच चौकोन: योगिनी, फोटो, पत्रं, बंद. मी म्हटलं, इतकं साधं करायला आठ दिवस लागले? ती म्हणाली, "साधं करायलाच लागतात." त्यावर मी आत येऊन माझ्या तीस-पस्तीस फायली आठवत बसलो. आणि घंटा. तिने योगिनीला सांगून तिच्याच आवाजात तीन शब्द बोलून घेतले आणि ते फोनच्या घंटेला लावले. आता कोचीहून फोन आला की अख्ख्या घरात मोठ्याने ऐकू येतं, "आये, उचल गो!" मी परसात असलो तरी ऐकू येतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विहिरीवर होतो. बादली तशीच सोडून पळत आलो. मी पळत आलो ते पाहून यमुना हसली. अकरा तारखेनंतर पहिल्यांदा.

तेव्हापासून बोलणं सुरू आहे. मी तिची पट्टी हलवत नाही, ती माझ्या तबकड्यांची चेष्टा करत नाही. परवा तिने स्वतःहून विचारलं की पिवळा जरा फिका करता येईल का. मी सांगितलं कुठे जायचं ते, हात मात्र लावला नाही. तिने केला. मग परत पूर्वीसारखा केला. मग परत फिका. ही लक्षणं मी ओळखतो.

तर वस्तुस्थिती अशी आहे. ज्यांनी ज्यांनी तुम्हाला 'बिघडवला' म्हणून सांगितलं असेल, त्यांना हे पत्र वाचून दाखवा. काट्याचा भाग गाळलात तरी चालेल. वहिनींना नमस्कार. तिकडे पंचक्रोशीत कुठे आंब्यांसाठी रिकाम्या पेट्या स्वस्त मिळत असतील तर कळवा, यंदा मोहोर बरा टिकलाय.

आपला आज्ञाधारक,
लवू

ता. क. एक राहिलं. यमुनेला डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली आहे. ती एप्रिलच्या मध्यावर कोचीला जाते आहे. तिकिटं तिने लॅपटॉपवरून स्वतः काढली. खाटेखालची बॅग बाहेर आली आहे, मी ती पुसून दिली. अळिवाचे लाडू झाले, दोन गोधड्या झाल्या. किती दिवसांसाठी जाते ते विचारलं तर "बघू" म्हणाली.

ता. क. २. खरं म्हणजे पत्र याच्यासाठीच लिहिलं. लॅपटॉपवर 'कोची' नावाचा एक कप्पा मला दिसतो. उघडायला गेलो की 'परवानगी नाही' येतं. तिकिटं त्यातच असणार. तिला तोंडाने विचारायचं माझं धाडस होत नाही, कारण नको तुम्ही, असं ती म्हणाली तर त्यावर मला बोलायला जागा नाही. अकरा तारखेनंतर ती मला बाळाजवळ नेईल असं मी गृहीत धरत नाही. पण दादा, मी अजून नातीला हातात घेतलेलं नाही. तुमचं यमुना ऐकते. तुम्ही सहज म्हणून पत्रात विचारा, की यमुना, तिकिटं किती काढलीस? माझं नाव घेऊ नका.

ता. क. ३. (अक्षर वेगळं आहे.) दादा, पाकिटाला डिंक लावायला दिलंन, म्हणून वाचलं. पोस्टात तीस वर्षं कुणाचं पत्र उघडलं नाही, पण हे बंदच नव्हतं. छपाईयंत्रात शाई नाही एवढंच, परवानगी-बिरवानगी काही नाही. तिकिटं दोन आहेत, खालचे बर्थ, समोरासमोर. मी त्यांना आज सांगणार आहे. पण आधी शर्ट इस्त्रीला टाकायला सांगते, कशाला ते विचारतायत का बघू. आंबे उतरवायच्या वेळी तू इकडे येऊन राहा, किल्ली गंगुबाईंकडे ठेवते.
— यमुना